होडीतला पाचवा

“हॅलो? … बाबा? तुम्हीच ना?”

जरा पुढे सरकून बसा, मंडळी. गोष्ट लहान आहे, त्यात ऐकू येणार एकाच बाजूने, म्हणून कान इकडे असू द्या. फोन उचललाय एका लेकीने. गेम बनवणाऱ्या कंपनीत ती आवाजाचं काम करते. पावलं, दारं, वारा, माणसांचं बोलणं, सगळं तिच्या हाताखालून जातं. बसली आहे तिच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत. भिंतींना काळा स्पंज, दार जाडजूड, घड्याळात दुपारचे चार वाजायला दहा मिनिटं. आणि पलीकडे तिचे वडील. ते बोलत नाहीत. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, आणि परमेश्वराने भरभरून दिलेला आवाज त्यांनी हॉस्पिटलातच ठेवला. तेव्हापासून दोघांची खूण ठरलेली. फोनवर नखाने एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे पुढे सांग.

एक टिचकी आली.

“जेवलात? … आणि गोळी? … दोनदा काय वाजवताय, घ्या आधी. … खालचे शिंपीकाका आलेत का? खोकला ऐकू येतोय. … नातीला पण आणलंय? … बाबा, अख्ख्या बिल्डिंगला बोलावलंत की काय?”

एक टिचकी. त्या टिचकीतही केवढा थाट होता.

बोलावणारच. हा माणूस दिवसा वाचनालयात पुस्तकं द्यायचा आणि संध्याकाळी तिथल्याच हॉलमध्ये उभा राहून गाऊन गोष्टी सांगायचा, चाळीस वर्षं. ऑपरेशनच्या आदल्या वर्षी लेकीच्या कंपनीला गेमसाठी एक म्हातारा नावाडी हवा होता. लेकीने बापाला आणलं. याच खोलीत, याच माइकसमोर त्यांनी दोन दुपारी आपली होडीची गोष्ट सांगितली. आज तो गेम जगाला पहिल्यांदा दाखवायचा दिवस. हल्ली त्यासाठी कुणी हॉल घेत नाही. येणाऱ्या सगळ्या गेमची मिळून चाळीस मिनिटांची फिल्म इंटरनेटवर सोडतात, देशोदेशीचे लोक एकाच वेळी बघतात, आणि प्रत्येक गेमच्या शेवटी तो विक्रीला येण्याची तारीख झळकते. त्यात बाबांचा नावाडी होता. दोन वर्षांनी त्यांचा आवाज त्यांच्याच घरात घुमणार होता. म्हणून खुर्च्या मांडल्या होत्या.

लेकीला चार दिवसांपासून एक गोष्ट माहीत होती, आणि चार दिवस ती तिच्या घशातून बाहेर येत नव्हती.

“बाबा, फोन स्पीकरवर आहे का? … मग काढा. … अहो, काकांचा खोकला अजून येतोय, काढा ना. … हां. … ऐका. तुमचा नावाडी गेममध्ये आहे. आहे, आहे. पण गोष्ट अर्धीच आहे.”

दोन टिचक्या.

“हो, तुम्ही पूर्ण सांगितली होती. मला माहीत नाही का? … गेममध्ये नावाडी म्हणतो, ये, जवळ बस, गोष्ट सांगतो. मग होडी, नदी, सगळं. होडीत चार माणसं बसली होती, पलीकडे उतरली पाच. … आणि तिथे पडद्यावर कुलूप येतं. पुढचं ऐकायचं तर वेगळे पैसे. … जादा भाग म्हणतात त्याला. … हो, गेम विकत घेतला असला तरी. … नाही, तसं सगळ्याच कंपन्या करतात. नवा मुलूख देतात, नवे कपडे, नवी तलवार. पण ते मागाहून बनवून वर जोडलेलं असतं. आपलं … आपलं होतं त्यातूनच कापलंय, बाबा.”



हॉलच्या दाराशी ताटली असायची, पण ती गोष्ट संपल्यावर. ज्याच्याकडे होतं तो टाकायचा, नव्हतं तो नमस्कार करून जायचा, आणि शेवट दोघांच्याही पदरात सारखाच पडायचा. एकदा अंगात ताप असताना हे खांबाला टेकून उभे राहिले, पण लोकांना मध्यावर सोडलं नाही. तापल्या अंगाने शेवटचा शब्द बोलले आणि मग खाली बसले. अशा माणसाला कुलूप कसं समजावायचं?

सगळं कंपनीची विक्री बघणाऱ्या साहेबांवर ढकलून ती मोकळी होऊ शकली असती. पण तिच्या मनाला ते पटेना.

“अजून एक आहे. … कुलूप नेमकं कुठे लावायचं, ते त्यांना कसं कळलं, सांगू? … मी सांगितलं. … मुद्दाम नाही हो. तुमचं रेकॉर्डिंग पाठवताना मी सोबत एक ओळ लिहिली होती. कौतुकाने. इथे ते थांबतात, आजवर इथून कुणी उठून गेलेलं नाही. … एवढीच ओळ. साहेबांनी ती मीटिंगमध्ये वाचून दाखवली. म्हणाले, हीच जागा. … मी तिथेच होते. समोर वही होती. … काहीच बोलले नाही, बाबा. … बाबा? … एकदा वाजवा. नाही तर दोनदा. काहीही वाजवा.”

शिंपीकाकांचा खोकला आला. खुर्ची सरकली. टिचकी आली नाही.

“पूर्ण गोष्ट इथे आहे, माझ्यासमोर, या कॉम्प्युटरवर. मी फोनला लावू का? सगळे ऐकतील. … दोनदा? का? … कंपनीच्या करारावर सही केली म्हणून? … मग? माझी नोकरी जाईल म्हणून?”

एक टिचकी. आवाज गेला तरी बाप गेला नव्हता.

तेवढ्यात तिकडच्या टीव्हीवर बिगुल वाजलं.

“सुरू झालं का? … बरं. बघा. मी आहे फोनवर.”

आधी अवकाशयानं आली, मग मोटारी, मग आपटणाऱ्या तलवारी, आणि प्रत्येकाच्या शेपटीला तारीख. पंचवीस मिनिटं तिने फोन तसाच कानाशी धरला. मधेच कुणीतरी विचारत होतं, तुमचा कधी येणार. मग वल्ह्याचा आवाज आला. तो तिनेच लाकडाची फळी पाण्याच्या टबात हलवून केलेला होता. त्यावर तो आवाज आला. ये. जवळ बस. गोष्ट सांगतो.



होडीत चार माणसं बसली होती. पलीकडे उतरली पाच. हॉलमध्ये इथे एका श्वासाएवढी शांतता असायची, आणि त्या शांततेत माणसं आपापल्या देवापाशी जाऊन यायची. आज तिथे ढोल आदळला, सोनेरी कुलूप फिरलं, तारीख आली, मग आवाज देणाऱ्यांची नावं आली, आणि पुढची मोटार सुरू झाली. लेकीच्या डोक्यावर, कंपनीची माणसं जमली होती त्या वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत, टाळ्या पडल्या. स्पंजातूनही त्या जाणवल्या.

“ऐकलं, बाबा. … हो. तुमचाच होता. … कोण बोलतंय? … काकांची नात का तू? बोल. … पाचवा कोण? … आजोबांना विचार ना. … हो गं. खरंच की. त्यांना नाही सांगता येणार.”

तीन टिचक्या आल्या. सावकाश.

“मी? … मला तसं नाही येत, बाबा. … बरं. स्पीकरवर ठेवा. … तर ऐक, बाळा. तो नावाडी रोज माणसं मोजायचा. चार बसली, चार उतरली. आयुष्यभर लोकांना पलीकडे नेलं, पण आपण कधी उतरला नाही. लगेच होडी वळवायचा. त्या दिवशी एक आजीबाई उतरताना त्याचा हात धरून म्हणाली, तू पण ये की रे. … म्हणून पाच उतरली. पाचवा तो नावाडीच. … झालं. … काय? … हो. एवढंच.”

एवढंच? असंच विचारलं होतं पोरीने. शब्द तेच होते, एकही इकडचा तिकडे नव्हता. याच शब्दांसाठी शिंपीकाका दुकानाची फळी लावून हॉलमध्ये यायचे आणि डोळे पुसत परत जायचे. लेकीला वाटत होतं, आपल्याला गोष्ट पाठ आहे. आता या खोलीत, जिथे कुठलाच आवाज भिंतीवरून परत येत नाही, तिथे तिला कळलं की आपल्याजवळ फक्त शब्द आहेत.

“नाही जमलं ना, बाबा? … एकच वाजवलंत. हो. मलाही कळलं ते. … आता तीन कशाला? पुढे काही नाही, बाबा. संपली.”

पुन्हा तीन. मग फोन हातातून हातात गेल्याची खसखस.

“कोण, तूच का परत? … नावं? हो, शेवटी आली ती आवाज देणाऱ्यांची. … किती मोजलीस? … चार. हो, चारच आहेत. … राणी, पहारेकरी, चोर, ती बोलणारी मांजर … आणि आजोबा. … बरोबर मोजलंस. पाच. … आजोबांचं नाव जादा भागाच्या शेवटी येणार. … हो, पैसे भरले तरच. … त्यांना हे सांगू नकोस आत्ता. … तिथेच बसलेत ना, ऐकतायत. … बरं. असू दे.”

फोन तासाभराचा तापला होता. पलीकडे एक बारीकशी सूचना वाजली, बॅटरी संपत आल्याची.

“ऐक, बाळा, लवकर ऐक. एक काम करशील? तुझ्या वर्गात कुणी हा गेम घेईल. कुलपापाशी येऊन थांबेल. त्याला शेवट नाही सांगितलास तरी चालेल. फक्त सांग, की तो आवाज आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. … हो, राहतो असंच सांग. … आणि कुठेही चार नावं दिसली ना, तरी पाचवे आजोबा मोजायला विसरू नकोस. … ऐकलंस का? … हॅलो? … बाळा, हे शेवटचं ऐकलंस ना? … हॅलो?”