कुंपणापलीकडचे एल्क

अहो, नेम कसला विचारता! नेम धरायला आधी जनावर समोर यायला नको का? तुम्हाला सांगतो, आमच्या मोंटानात हंगामाच्या शेवटच्या दिवशी एल्कची वाट अडवून बसण्यापेक्षा माणसानं सासुरवाडीला जाऊन भांडी घासावीत! सासरे म्हणाले होते, "जावईबापू, घोड्याएवढं हरीण ते, रात्री शेतात चरतं, उजाडलं की रानात परततं. मधे बसा. वारा तोंडावर घ्या, म्हणजे त्याला तुमचा वास लागायचा नाही. बाकी डोकं चालवू नका." चालवलं? मुळीच नाही! गावातल्या हिल्माकाकूंच्या शेताच्या कुंपणाच्या अलीकडे, रानाच्या अंगाला, सरकारी जमिनीत, बर्फात बूड टेकून बसलो. आणि वारा? वारा अगदी बरोबर होता!

बसणं भागच होतं हो... तीन वर्षं हात हलवत परत येतोय. आणि मेहुणा, डुएन, दर थंडीला एल्कच्या मटणाची पिशवी आमच्या टेबलावर आपटतो, पोरांदेखत म्हणतो, "खा रे बाळांनो, मामा आहे तोवर उपाशी नाही मरायचे!" बायको ती पिशवी उचलून फ्रीजरच्या तळाशी कोंबते. तेच जास्त लागतं. यंदाही ती पिशवी आली ना, तर मी... जाऊ द्या.

उजाडलं. हिल्माकाकूंच्या लसूणघासात हा एवढा कळप! मी श्वास रोखला. आता निघतील, आता येतील... आणि बसले! शेताच्या मधोमध फतकल मारून रवंथ करत बसले! आणि काकूंच्या शेतात परक्यानं गोळी झाडायची नाही. का? तर मागे एका शिकाऱ्यानं फाटक उघडं टाकलं आणि त्यांच्या गाई हमरस्त्यावर गेल्या. कोण तो शिकारी, विचारा. विचारा ना! आमचे सासरे!

दुपार कलली. पाय आहेत की गेले, कळेना. "देवा, एकच पाठव रे! म्हातारं असो, लंगडं असो, कसलंही चालेल!" देव कुठला ऐकतोय! सूर्य बुडाला, वर अर्धा तास गेला, कायद्यानं शिकारीची वेळ संपली, मी बंदुकीतली गोळी काढून खिशात टाकली... आणि उठले की हो सगळे! एकामागून एक कुंपण ओलांडून थेट माझ्याच वाटेनं! एक मादी तर थांबली, माझी टोपी हुंगली, शिंकली आणि गेली. सांगितलं ना, वारा बरोबर होता!

रडलो मी. हो, रडलो! लपवायचंय काय त्यात?

तेवढ्यात काकूंची ओसरीवरून हाक, "अरे ए फाटकवाल्याच्या जावया! गारठून मरशील, जेवायला ये!" गेलो. ताटात बटाटे, वर रस्सा, आणि मटणाचा हा जाडजूड तुकडा.

"काकू, गाईचं का?"

"गाईचं कशाला? एल्क आहे. परवाना माझा, शेत माझं. गेल्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतनंच टिपला. भट्टीत पाव होता ना, बाहेर गेले असते तर करपला असता."

दुसऱ्यांदा वाढून घेतलं. निघताना काकूंनी एक तंगडी बांधून दिली. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण हात आधीच पुढे गेला होता. घरी आलो, मान खाली घालून ती ओट्यावर ठेवली.

बायको म्हणाली, "कुणी मारला?"

"हिल्माकाकूंनी."

"डुएननं नाही ना?"

"नाही."

"मग उभा काय राहिलास? सुरी आण!"