रेघा मारून वाचलेली बाटली

मला सांगा राव, बाटलीवरचं इंग्रजी घडाघडा वाचणाऱ्या दुकानदारावर विश्वास ठेवाल, की 'मला नाही कळलं' म्हणणाऱ्यावर? अवसरीत शेतीच्या औषधांचं दुकान टाकलं तेव्हा मी यातल्या पहिल्या प्रकारचा होतो. शाळा सातवीत सुटलेली, पण लांब शब्द दिसला की पेन्सिलीने मध्ये रेघा मारायच्या आणि तुकड्या-तुकड्याने वाचायचं. अडत कधीच नव्हतो.

एकदा निरगुडसरच्या अनसूयाबाई कांद्यातलं तण मारायला औषध मागत होत्या. मी बाटली उचलून वाचलं, "नॉन-सि-लेक्-टिव्ह."

"झ्याक वाचलं, भाऊ. पण म्हंजी काय?"

"म्हणजे एकदम भारी."

"भारी हाय का, ते नाय इचारलं. कांदा ऱ्हाईल का?"

ते मला ठाऊक नव्हतं. कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "हे तण आणि पीक दोन्ही जाळतं."

बाईंनी ते ऐकलं आणि बाटली माझ्याकडे सरकवली. "आता आधी फोन करत जा, मग वाचा."

तेव्हापासून माझ्या वहीत दोन रकाने आहेत. डावीकडे तोडून वाचलेले शब्द, उजवीकडे अर्थ कळलेले. उजवा अजून लई तोकडा आहे. तुम्हीही अशी वही करा, फक्त हिशोब खरा ठेवा.