मोदकाची पिठी आणि बोरिकची पुडी

— अवो गुंडूअण्णा, तोंड फिरवू नगासा. छटाकभर बोरिक पावडर बांधा. व्हय, तुमच्याच दुकानातनं! गल्ली येईना तर न येऊ दे, मी बाईमाणूस आलो की. आमच्या मालकांनी मांडवातल्या भोंग्यावरनं सांगितलं, ‘गुंडूअण्णा बोरिकमदी भेसळ करतोय’ — ते हरल्याच्या तिरमिरीत ओ. चार दिवस झालं गिऱ्हाईक न्हाय म्हणं? व्हय की, गुळावर माशीबी दिसंना.

आता त्यांचं तरी काय चुकलं? गणपतीतली कॅरमची फायनल. राणी भोकाच्या तोंडाशी. मालकांनी तुमची पुडी सोडली, बोर्डावर चोळली, स्ट्रायकर मारला — आन् स्ट्रायकर चिखलातल्या म्हशीगत जागच्या जागी! पावसाची हवा, सगळा लगदा. वर मुंग्या! बोरिकला मुंग्या लागत्यात व्हय? तीन सालं आमच्या गल्लीच्या तालमीत असल्याली बक्षिसाची ढाल गेली.

पुडी आदल्या दिवशीच आणल्याली, खरं हाय. घरात? घरात काय, फळीवर हुती. म्हणजे... जरा घेतली मी. माझं डोळं आलतं, कोमट पाण्यात चिमूटभर टाकून कापसानं धुतलं. चिमूटभरच! बाकीची — झुरळास्नी. आवो, कोडोलीची आक्का येणार हुती, माझी नणंद. ती गणपतीच्या पाया पडायच्या आधी माझ्या चुलीमागं वाकून बघती. मग कणीक, साखर, दूध घालून गोळ्या वळल्या, मोरीत, कपाटाखाली ठेवल्या. एक आक्काच्या हाताला लागली. म्हणती, ‘वैनी, यंदा लाडू बरं जमलं गं.’ जल्मात एकदा कौतुक केलं आन् ते बी झुरळांच्या लाडवाचं! ‘देवाचं हाय’ म्हणून तोंडात जायच्या आधी हातातनं काढून घेतली.

मग पुडी रिकामी दिसली तर मालक घर डोक्यावर घेणार. कॅरमपुढं त्यास्नी बायकू बी दिसत न्हाय. म्हणलं, पांढरं ते पांढरं. मोदकाची पिठी हुती, वस्त्रगाळ, हाताला लागायची न्हाय अशी. भरली, दोरा हुता तसा बांधला. गोळ्या मळल्याल्या परातीतच पिठी घेतल्याली, तिला साखर लागल्याली असंल, त्याच्या मुंग्या. आन् भेसळ कसली ओ? तांदूळबी तुमच्याच दुकानातला!

— असं का बघतासा? सांगणार हुतो की त्यास्नी. दिवाळी झाल्यावर. भोंग्यावरनं बोलल्यालं माणूस लगीच कसं मागं घेणार? आन् लोकं काय, इसरत्यात...

अवो, दुकानाच्या फळ्या कशाला लावतासा? अजून दुपारबी झाली न्हाय. कुटं निघालासा — मांडवात? तिथला भोंगा अजून उतरवला न्हाय, अण्णा! अवो अण्णा... बरं, पिठीचं सांगा. खुशाल सांगा. माझं नाव घेऊन सांगा. पर झुरळांचं तेवढं नगा सांगू — आक्का अजून घरातच हाय!