विश्वकोशातून काढलेला लेख

रुग्णालयात नंबराची वाट पाहत बसलो होतो. शेजारी एक बाई आणि त्यांच्या दिवंगत नवऱ्याचा मित्र बोलत होते.

“वहिनी, ऑनलाइन विश्वकोशातला, त्याने केलेल्या सॉफ्टवेअरवरचा तुमचा लेख काढायचं ठरलं. काढावा असं मत मीही दिलं.”

“तुम्हीसुद्धा?”

“त्या सॉफ्टवेअरबद्दल पेपरात, पुस्तकात कुणी काही लिहिलेलंच नाही. आधाराशिवाय लेख ठेवता येत नाही.”

“ह्यांनी जीव ओतला होता त्यात. वाचा गेलेल्यांना नुसत्या डोळ्यांनी बोलता यावं म्हणून.”

“माहीत आहे. माझे बाबा त्यावरच बोलतात.”

“कधीपासून?”

“पक्षाघात झाल्यापासून.”

“मग हे तिथे का नाही सांगितलंत?”

“घरच्या माणसाचा अनुभव तिथे धरत नाहीत, वहिनी.”



“आज काय बोलले बाबा?”

“चहा गार झालाय म्हणाले. मग आईला म्हणाले, माझ्यासाठी उपाशी थांबू नकोस, जेवून घे.”

“एवढं बोलतात?”

“दिवसभर. कधीकधी आईच म्हणते, आता पुरे.”

“आत तपासणीला तेच आहेत ना? मला भेटतील?”

“तुम्हीच विचारा ना. ते सांगतील.”