पंचेचाळीसवर गाणारी बाई

माहा जलम साकोलीकडच्या एका खेड्यातला, जिल्हा भंडारा, बाप धानाच्या बांधीत राबणारा, शाळा मी चौथीपरेंत पाह्यली, पाह्यली म्हंजे गेलो आन् आलो, शिकलो असं काही म्हणता येत नाही. गावचे दोघं-तिघं भिलाईले लागले होते, त्यायनं सांगतलं प्लांटमधे भरती चालू आहे, मीही आलो, पह्यले खलाशी, म्हंजे हाताखालचा मजूर, मंग मिलच्या क्रेनवर चढलो आन् रिटायर होऊनच खाली उतरलो. एवढी माही कथा. तुमी रेकॉर्डीयची गोठ आयकाले आले हे मले सुनंदानं सांगतलं, सुनंदा म्हंजे माही पोरगी, कुम्हारीले देल्ली आहे. पण त्या रेकॉर्डी माह्या नव्हत्याच. त्या सिंधूच्या. सिंधू माही बायको, ह्या पौषात गेली. तिले सोडून ते सांगता येत नाही, म्हणून आधी ती.

लगन झालं त्र्याहत्तर साली, आन् त्याच साली मले क्वार्टर भेटलं, दोन खोल्या, मांगे आंगण. तिचं माहेर भरलेलं, चार बहिणी, आत्या, काकू, दिवसभर बायाच बाया आन् बोलणंच बोलणं. आन् इथं आणून बसवलं तं ह्या बाजूले तेलुगू, त्या बाजूले सरदारजी, समोर मल्याळी, साऱ्या बाया मनानं भल्ल्या चांगल्या, पण नळावर साऱ्या हिंदी बोलणाऱ्या, आन् हिले हिंदीचं एक अक्षर येत नाही. ही काही बोलली की त्या हासत, वाईटानं नाही, पण हासत. मंग हिनं बोलणंच सोडलं. एक दिवस मी शिफ्टवरून आलो तं म्हणे, अजी, सकाळपासून म्या तोंडच उघडलं नाही, आत्ता तुमी आल्यावर उघडून राहिली. मी फटकळ माणूस, म्या म्हटलं, जेवाच्या टायमाले तरी उघडत जाय. हासली बिचारी. पण मले ते लागलं.

म्हणून दुर्गच्या जुन्या बाजारातून एक बाजा आणला, रेकॉर्ड प्लेअर, लग्नात गाणे लावणाऱ्या एका मंडपवाल्यानं काढून टाकलेला. त्याले एक खटका असते, त्यावर आकडे, तेहतीस, पंचेचाळीस, अठ्ठ्याहत्तर, म्हंजे रेकॉर्ड किती जोरानं फिरली पाह्यजे ते. लहान रेकॉर्ड पंचेचाळीसवर, मोठी तेहतीसवर, हे आज मले मालूम आहे, तवा कोणाले मालूम? मंडपवाला लहान रेकॉर्डीच वाजवे, खटका पंचेचाळीसवर जाम होऊन गेलता, हालेच ना, आमाले वाटलं ते नुसतं शोभेचं आहे. आमच्यापाशी सिनेमाच्या दोन लहान रेकॉर्डी होत्या, त्या बरोबर वाजत. पण गाणं सुरू झालं नाही की संपलं, पिठाच्या हातानं उठा, पलटवा, पुन्हा बसा. सिंधू म्हणे, ह्या बाजापेक्षा पोट्टं बरं, ते एवढं उठवत नाही.

आमच्या मिलमधे एक साहेब होते, वझलवार साहेब, नागपूरचे, उमर माह्याएवढीच, विलायतेत शिकून आलेले. क्यांटीनमधे मी कोणाले तरी बाजाची शेखी सांगून राहिलो होतो ते त्यायनं आयकलं. त्यायची बदली झालती दुसऱ्या प्लांटमधे. जायच्या आधी एका रविवारी खोकं घेऊन क्वार्टरवर आले. म्हणे, महादेव, ह्या चार रेकॉर्डी ठेव. चारही एकाच सालच्या, त्र्याहत्तरच्या, मी तिकडं शिकत होतो तेव्हाच्या. त्या साली जे निघालं तसं पुन्हा निघालं नाही, आणि त्यातल्याही ह्या चार माझ्या सगळ्यात आवडत्या. ह्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. म्या म्हटलं मंग साहेब देऊन कावून राहिले? ते म्हणे, येताना माझा प्लेअर फुटला, तेव्हापासून नुसती चित्रं बघतोय, तू तरी वाजव. म्या म्हटलं आमाले इंग्रजी काय समजते. म्हणे, मला तरी कुठं सगळं समजतं. आन् सिंधू आतून म्हणे, त्र्याहत्तरच्या म्हंजे आपल्या लगनाच्या सालच्या ना, मंग घ्या ठेवून.

पह्यली लावली आन् काय सांगू तुमाले, गाणं सुरू झालं ते थांबतच नाही. अख्खी एक बाजू, एकच गाणं. वाटे आता संपलं, तं पुन्हा कुठून तरी पेटी उठे, मंग ढोल उठे, मंग कोणी एक तार छेडत बसे, पुन्हा सारे मिळून धावत. सिंधूची कणीक मळून झाली, पोळ्या अर्ध्या शेकून झाल्या, आन् गाणं चालूच. ती म्हणे, अजी, हे गाणं करणाराले घरचं काम मालूम आहे. झालं, सिनेमाच्या रेकॉर्डी गेल्या पेटीत.

नावं इंग्रजीत होती, आमी चित्रावरून ठेवले. अंड्यावाली, म्हंजे भल्लं मोठं अंडं, त्याले दार, दारातून उजेड येऊन राहिला. त्यात गाणं कमी आन् पेटीच जास्त, सुनंदा लहान होती तवा त्याच्यावरच झोपे, दुसरी लावली की भोकाड. हरणवाली, त्या हरणाच्या शिंगायले पानं-फुलं. दिवाळीत सिंधूनं तेच हरण रांगोळीत काढलं, तं तेलुगूवाली अम्मा हात जोडून विचारते, ये कौन से भगवान का वाहन है? सिंधू मले विचारते, काय म्हणून राहिली ही, आन् मी हासून हासून खाली बसलो. निळी माही आवडती. नुसतं निळं पुठ्ठं, पण आत असा दणका, आमच्या मिलमधे लाल स्लॅब रोलरमधे घुसते ना, पह्यले धाडकन, मंग जमीन हादरते, मंग पट्टी लांब लांब निघत जाते, तस्संच. सिंधू म्हणे, दिवसभर तेच आयकता, घरी येऊन पुन्हा मिलच लावता? म्या म्हटलं तिथं कामाचं आयकतो, इथं फुकटचं. विश्वकर्मा पूजेले मिलमधे मशिनीयले हार घालून आलो की घरी ती बाजाले कुंकू लावे. आन् चौथी शिडीवाली. समुद्रात उभी शिडी, वरतं टोक ढगात. ती सिंधूची.

शिडीवालीत एक बाई गाये. बारीक आवाज, उंच, जराशी घाईत, दम न घेता बोलणारी. सिंधूनं पह्यल्यांदा आयकलं तं पोळपाटावरून उठून आली आन् बाजापाशी बसली. म्हणे, अजी, ही आमच्या बाईसारखी बोलते. आमच्यात मोठ्या बहिणीले बाई म्हणते, तिची मोठी बहीण अशीच, घाईघाईनं बोलणारी. म्या म्हटलं काय समजलं तुले? म्हणे, समजलं काही नाही, पण नळावरच्यायचं तरी कुठं समजते, आन् ही माह्यावर हासत तं नाही. मंग रोज तेच. मी नाईट करून सकाळी घरी येवो तं आतून दोघीयचा आवाज. बाई गाये, आन् मधात ही म्हणे, हो बाई, खरं आहे, मंग काय झालं? मी दारात उभा राहून आयको. खरं सांगतो, त्या बाईनं हिचं तोंड मोकळं केलं. मंग ही नळावर धिटाईनं मोडकं-तोडकं हिंदी बोलाले लागली, अम्माले घरी बोलावून शिडीवाली आयकवली, सुनो, मेरी बाई है. वर्ष-दीड वर्षात सारी लाईन हिच्या आंगणात पापड लाटे.

मंग कितीतरी वर्षांनं साहेब काही कामानं भिलाईले आले, म्या जेवाले बोलावलं. सिंधूनं पाटोडीचा रस्सा केला, आन् मोठ्या कौतिकानं शिडीवाली लावली. साहेबाचा घास हातातच. म्हणे, कोण गातंय हे? सिंधू म्हणे, बाई. कोण बाई? तुमचीच साहेब, तुमीच तं देल्ली. साहेबानं दोन मिनिटं आयकलं आन् असे हासले, असे हासले, डोळ्याले पाणी, ठसका लागला, म्या पाठीवर हात मारला. म्हणे, अरे महादेव, हा पुरुष आहे! तू पंचेचाळीसवर लावली आहेस, तेहतीसची रेकॉर्ड आहे ही! हात धुतले, चाकू मांगतला, खटक्याच्या फटीत घातला, दोन-तीन हिसके देल्ले, आन् इतक्या वर्षांचा जाम खटका सुटला. पुन्हा सुई ठेवली. आन् आमच्या घरात एक माणूस गाऊन राहिला, भारी आवाज, हळूहळू, जसा बिमारीतून उठला.

सिंधू सैपाकाच्या खोलीच्या दारात, हातात पळी. म्हणे, हा कोण? साहेब म्हणे, हाच तो, वहिनी. मंग बाई कुठी गेली? साहेब म्हणे, बाई नव्हतीच.

ती आत गेली. साहेब डोळे मिटून बसले, दोन्ही बाजू आयकल्या, मधे मधे ओठ हालवत. तिकडून आल्यावर त्यायनं ते पह्यल्यांदा आयकलं ना. त्यायचं साल त्यायले भेटलं, आन् आमच्या घरातलं एक माणूस उठून गेलं, एकाच खटक्यानं. मी कोणाच्या बाजूनं होणार? साहेबाले स्टेशनवर सोडून आलो तं सिंधू भांडे घासून राहिली होती, जोरानं. म्हणे, साहेब शिकेल आहे, पण असं कोणाच्या घरी येऊन म्हणते काय, नव्हतीच म्हणून? एवढी वर्षं माह्यासंगं बोलली ते कोण मंग? म्या म्हटलं, जाऊ दे. म्हणे, जाऊ कावून देऊ, तो खटका होता तिथं करा. म्या केला. बाई आली. सिंधूनं पदरानं हात पुसले आन् म्हणे, आली का, बैस.

तवापासून आमच्या घरचा कायदाच झाला. साहेब येणार असले की तेहतीसवर, साहेबाची गाडी सुटली की पंचेचाळीसवर. एकदा साहेबायनं पायऱ्या चढता चढताच आयकलं बाईले, तं बाहेरच चप्पल काढत उभे राहिले, म्या खटका फिरवेपरेंत. मले ती वाटली खरी शहाणपणाची गोठ.

रिटायर झालो, क्वार्टर सोडलं, इथं बोरसीले दोन खोल्या बांधल्या. बाई आलीच संगं. सिंधूच्या छातीत पाणी झालं, दवाखाना झाला, आन् पौषात ती गेली. तेरवी झाली, पाहुणे गेले, सुनंदा म्हणे, बाबा, चला कुम्हारीले. म्या म्हटलं तू हो पुढं, मले आधी शिडीवाली आयकाची आहे. माह्या मनात काय होतं सांगू, सिंधू तं गेली, पण बाई आहे, बाई बोलाले लागली की ज्या ज्या ठिकाणी सिंधू हो बाई म्हणे, ते ठिकाण तरी सापडन. लावली. तबकडी फिरते, थांबते, फिरते, थांबते. बाई उचकी लागल्यावाणी.

उचलला बाजा आन् गेलो दुर्गले. एक मिस्तरी आहे, अजून जुन्या मशिनी खोलते. त्यानं खोलून दाखवलं. मोटरच्या दांडीले तीन पायऱ्या असते, एकेका आकड्याची एकेक. आमची पंचेचाळीसची पायरी एवढी वर्षं घासून घासून पार झिजली, चाक त्याले धरतच नाही. आन् तेहतीसची जशीच्या तशी कोरी. म्हणे, बबा, ये पार्ट अब नइ मिलय. तैंतीस म बढ़िया चलही, सही चाल तो उही हे. म्हंजे पार्ट भेटत नाही, तेहतीसवरच चालवा, तीच खरी चाल. म्या म्हटलं मले सही नाही पाह्यजे. सुनंदानं रायपूरले विचारलं, तिथं म्हणते, काका, आता सीडी घ्या.

घरी आणून लावलं. तो माणूस. म्या तबकडीच्या काठाले बोट लावलं आन् जोरानं फिरवली. बाई आली! एवढूशी आली, आन् बोट जड झालं की लगेच माणूस, पुन्हा फिरवली की पुन्हा बाई, कवा किंचाळे, कवा दारू पेल्यावाणी. घामाघूम झालो. सत्तरीकडचा बुढा खुर्चीवर बसून बोटानं बाईले बोलावून राहिला, कोणी पाह्यलं असतं तं म्हटलं असतं सटकला. मंग मले वाटलं, सिंधूनं हे आयकलं तं काय म्हणन? म्हणन, कावून तिचे हाल करता. बोट काढून घेतलं.

बाई सिंधूचीच होती हो. तिच्यासंगं गेली, आन् बरंच झालं. तिकडं सिंधूले बोलाले कोणी तरी पाह्यजे, तिथं कोणती बोली चालते कोणाले मालूम. माह्या वाट्याले हा माणूस आला. रोज दुपारी लावतो त्याले. भारी आवाज आहे, सावकाश गाते, मधात मधात लय वेळ चूप बसते, मीही बसतो. अजून आमची काही पटली नाही, पण मी त्याले वाईट बोलत नाही, त्याची काय चूक. तुमी एवढ्या उन्हाचे आले, आयकलं, तुमचं घर भरलेलं राहो, घरात बोलणं राहो. काल सुनंदा पुन्हा आलती न्याले. म्या म्हटलं एवढ्यात नाही येत, पोरी, घरी माणूस आहे.