कवळी कोणाची, हो?

कडाक्! असा आवाज आला होता, तुम्हाला सांगतो, मी ऐन तरुणपणी हिच्या भावाकडं सायकल मागायला गेलो होतो तेव्हा… आतल्या खोलीतून! मला वाटलं खिडकीची काच फुटली. डोकावून बघतो तर ही दातांनी अक्रोड फोडतेय! तिथंच मनात म्हटलं, लग्न केलं तर हिच्याशीच. आणि म्हातारपणी त्याच तोंडासाठी केलेली कवळी बंद दवाखान्यात अडकली, दाराला कोर्टाचं सील, आणि कोर्टातले मला सांगतात, ती तुमची नाही! मग कवळी कोणाची, हो?

मी तसा हळू बोलणारा माणूस. शाळेतही फार गेलो नाही. पण हा विषय निघाला की माझं मलाच थांबता येत नाही, चालू द्या.

झालं काय, हिचे सगळे दात काढले, माप घेतलं, अर्धे पैसे दिले, ‘सोमवारी न्यायला या’ म्हणाले. सोमवारी गेलो तर दारावर कागद. दवाखान्याचं दिवाळं वाजलं! डॉक्टर गायब, खुर्च्या आत, दिवे आत, आमची कवळी आत… आणि ही बाहेर, पदर तोंडावर धरून. त्या दिवसापासून ही एक शब्द बोलली नाही! दात नसताना तोंड उघडणार नाही म्हणजे नाही. खुणा करते. चहा पाहिजे, खूण. नातीचा फोन आला, खूण! अहो, फोनवर खूण कोणाला दिसते? इतकी वर्षं मी म्हणायचो, जरा गप्प बस, जरा गप्प बस… आता घड्याळाची टिकटिक ऐकून जीव जायला लागला.

जावई म्हणाला, वकील करू. वकीलबाई आली, पोरगीच होती, पण हुशार. म्हणाली, “काका, तुम्ही आता धनको, म्हणजे दवाखान्याकडं तुमचं येणं. रांगेत नाव लावायचं. आधी या सगळ्या कारभाराचा खर्च, मग बँक, मग कामगार, असं करत करत शेवटी तुम्ही. काही उरलं तर.”

म्हटलं, “बाई, उरणार काय? वरची बँकेला आणि खालची आम्हाला?”

तर म्हणते, “हसू नका, बँक खरंच मागतेय!”

आणि मागत होती! कोर्टात बँकेचा टायवाला उभा राहिला, असा नाकातून… “दवाखान्यातल्या सर्व तयार मालावर आमचा बोजा आहे.” तयार माल! माझ्या बायकोचे दात तयार माल! अहो, तुमच्या साहेबांच्या तोंडात बसतील का ते? का तिजोरीत ठेवून तिजोरी हसवणार आहात? मग कवळी कोणाची, हो?

पण वकीलबाईनं वाट काढली होती. मला बाहेर बाकावर बसवून समजावलं, “काका, ज्या वस्तूला बाजारात किंमत नाही, ती कोर्टानं नेमलेला साहेब सोडून देऊ शकतो. किंमत ठरवणाऱ्यानं अहवाल दिलाय, किंमत शून्य. म्हणजे आपण जिंकलो. तुम्ही फक्त गप्प बसायचं. जमेल?”

म्हटलं, जमेल की. आयुष्यभर तेच केलंय.

आत गेलो. शेजारी ही, पदर तोंडावर. तो किंमत ठरवणारा उभा राहिला, चष्मा पुसत पुसत म्हणाला, “कवळी, एक. किंमत, शून्य. कोणी फुकटही नेणार नाही.”

फुकटही नेणार नाही! हिच्यासमोर! तुम्ही सांगा, कोणाला सहन होईल? मी कधी उभा राहिलो मलाच कळलं नाही. म्हटलं, “शून्य कशी? अहो, या तोंडानं माझ्या आजारपणात औषधाची कडू गोळी आधी स्वतः चाखून दाखवलीय! या तोंडानं तीन पोरं निजवलीत! लाखमोलाचं तोंड आहे, आणि त्याची कवळी शून्य?”

वकीलबाईनं कपाळावर हात मारला. आणि टायवाला कसा उठला, विचारा! “बघा, बघा! अर्जदार स्वतःच म्हणतात, किंमत आहे! लिलावात घ्या!”

संपलं. मी माझ्या हातानं बायकोचे दात लिलावाला लावले. जमीन दुभंगली असती तर बरं… आणि तेवढ्यात शेजारून आवाज आला.

“अहो, गप्प बफा!”

सगळं कोर्ट वळलं. ही उभी! पदर खाली, तोंड उघडं, बोट माझ्याकडं. “फून्य म्हणतायत तर फून्य! उगाच फहाणपणा कफाला?”

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. हसू दाबत म्हणाल्या, “किंमत नवऱ्याच्या लेखी आहे, बाजारात नाही. या तोंडाच्या मापाची वस्तू, या तोंडालाच द्या. आणि तिथं मापानं केलेल्या आणखी कवळ्या असतील, त्याही ज्याच्या त्याला परत करा.” मागच्या बाकांवरून टाळ्या! बघतो तर सगळी बोळकी मंडळी, आमच्यासारखीच रांगेत शेवटची. एक आजोबा तर मला मिठी मारून रडले. काय बोलले ते कळलं नाही, पण चांगलंच असणार.

दुसऱ्या दिवशी सील उघडलं. साहेबानं सही घेतली, डबी दिली. हिनं पाठ करून कवळी बसवली, दाराच्या काचेत पाहिलं, या बाजूनं, त्या बाजूनं. वळली… अशी दिसली म्हणून सांगू! म्हटलं, आता बोल. शिव्या दे, पण बोल. भर कोर्टात मी बोललो ते आवडलं नाही का? का आवडलं? काहीतरी सांग की गं!

हिचे कान लाल झाले. रिकामी डबी माझ्या हातात ठेवली, पदर सारखा केला, आणि पायऱ्या उतरून चालायला लागली. एक शब्द नाही!

मी तो आदेश पुन्हा काढून वाचला. कवळी द्या, एवढंच लिहिलंय. नवऱ्याशी बोला, असं एका ओळीतही नाही.