लायब्ररीच्या मागच्या भिंतीपाशी सुरू झालेल्या टॅबलेटबाबत

नाव नरहर महादेव पाचखेडे, वय ५७, धंदा नोकरी (सरकारी कारखान्यात टर्नर), राहणार कारखान्याचे क्वार्टर, आनंद नगरजवळ, भोपाळ.

समक्ष हजर राहून सांगतो. ठाण्याचे मुंशी वसंतराव मराठी असल्याने माझ्याच भाषेत लिहून घेत आहेत.

माझी मुलगी कांचन, वय १९, टाउनशिपच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आहे. सोमवारी घरी तिच्या लग्नाची बोलणी झाली. पाहुणे गेल्यावर मी तिला जे बोललो ते लिहिण्याजोगे नाही. सकाळी ती घरात नव्हती. स्वतःचा फोन देवापुढे ठेवून गेली. सोबत फक्त कॉलेजच्या लायब्ररीचा टॅबलेट नेला.

लायब्ररीने यंदा वायफाय वाढवून मागच्या भिंतीपर्यंत नेले आहे. मुलांना टॅबलेट घरी देतात, पण तो चालतो कॉलेजच्याच वायफायवर. बुधवारी दुपारी लायब्ररीतल्या विजयाताईंचा फोन आला, "काका, कांचनचा टॅबलेट आत्ता मागच्या भिंतीपाशी सुरू झाला होता." म्हणजे पोर जिवंत होती. त्या दिवशी माझ्या बायकोने पोळीचा तुकडा मोडला.

पुढे आमची अक्कल शेण खायला गेली. (असेच लिहा.) आम्ही कारखान्याची माणसे, पाळ्या लावण्याखेरीज आम्हाला दुसरे येते काय? मी, शेजारचे सुभाषराव, मराठी मंडळातले दोघे-तिघे, भिंतीपाशी सतत कोणीतरी उभे. मुलगी गेल्याची तक्रार दिल्यावर आपण एक शिपाई दिलात, तोही वर्दीत. त्यानंतर टॅबलेट एकदाही सुरू झाला नाही. तिने आम्हाला पाहिले असणार.

टॅबलेटची मुदत आज संपते. ती संपली की त्याला आपोआप कुलूप लागते. वाढवायची तर ज्याने नेला त्यानेच त्यावरून वाढवायची. मी प्राचार्यांच्या पाया पडलो. नियम आहे म्हणाले. मग आपण कॉलेजला सांगाल म्हणून इथे ठाण्यात आलो. ठाण्याचे इन्स्पेक्टर टीआय साहेब म्हणाले, "लड़की बालिग है, अपने आप आ जाएगी." कुठे येईल साहेब? तिच्याशी आमचा तेवढाच एक धागा उरला आहे.

हा जबाब चालू असतानाच विजयाताईंचा फोन आला. आज भिंतीपाशी पाळी माझी, आणि मी इथे. शिपाईही मला घेऊन इथेच आलेला. तिकडे टॅबलेट सुरू झाला आणि मुदत आठवड्याने वाढवली गेली. शिपायाने मोटरसायकलची किल्ली उचलली, "चलो अंकल, अभी वहीं मिल जाएगी." मी त्याचा हात धरला, तो अजून सोडलेला नाही. मला तिला बघायचे आहे, जीव तुटतो आहे. पण आपण धावलो तर ती पुन्हा त्या भिंतीकडे फिरकणार नाही. याला सरकारी कामात अडथळा म्हणत असाल तर तसे लिहा.

वरील मजकूर वसंतरावांनी मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. उजवा हात मोकळा नसल्याने सही डाव्या हाताने केली आहे.